चौदा माशांचा हिशेब

दत्तजयंतीच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असे संपादकांनी सांगितले तेव्हा मी आधी नकारच दिला. छत्तीस वर्षे बँकेत खतावण्या भरल्या, व्हाउचरे तपासली. शास्त्रपुराणाचा माझा अभ्यास म्हणजे गुरुचरित्राचे सप्ताह आणि ऐकलेली कीर्तने, एवढाच. पण गेली दोन वर्षे एक प्रश्न मनात ठाण मांडून बसला आहे. तो विद्वानांपुढे मांडण्यापेक्षा आपल्यासारख्या संसारी मंडळींपुढे मांडावा असे वाटले, म्हणून लिहितो. प्रश्न असा की, मनात माया असताना, केवळ न कळल्यामुळे आपल्या हातून जीव गेले, तर त्याचा दोष आपल्याला लागतो की नाही?

हा प्रश्न मला माशांनी घातला. हसू नका. अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यांत मासा आहेच. आमिषाच्या चवीला भुलून मासा गळाला लागतो, म्हणून माणसाने जिभेला आवर घालावा, हा त्याचा धडा. लहानपणापासून हे ऐकत आलो. माझ्या घरी जे घडले त्यात मात्र गळ नव्हता आणि कोळीही नव्हता. आमिष होते, आणि ते माझ्याच हातात होते.

निवृत्त झालो त्या वर्षी दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो काचेची टाकी घेऊनच. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे साधारण 55 लिटर पाणी. "बाबा, तुमचा वेळ जाईल," म्हणाला. टीव्हीशेजारी टेबलावर ती ठेवली. रंगीत खडे, प्लॅस्टिकची झाडे, हवेचे बुडबुडे सोडणारा पंप, स्पंजचा फिल्टर, असा सगळा थाट झाला. सकाळी नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी मासे आणले. चार काळ्या मॉली, चार गप्पी, दोन एंजल आणि निळ्या-लाल पट्ट्यांचे चार निऑन टेट्रा. एकूण चौदा. माझी नात तेव्हा सात वर्षांची. एका मॉलीच्या कपाळावर बारीक पांढरा ठिपका होता, तिचे नाव तिने 'टिकली' ठेवले. सुट्टी संपवून पुण्याला जाताना मला बजावून गेली, "आजोबा, रोज फोनवर आकडा सांगायचा."

मग सुरू झाले माझे लाड. टाकीजवळ गेलो की सगळे मासे वर यायचे, तोंडे उघडमीट करायचे. मला वाटायचे, भुकेले आहेत बिचारे. चिमूटभर खाणे टाकायचो. चहाच्या वेळी, जेवणाच्या वेळी, दुपारी झोपून उठलो की. दिवसातून पाच-सहा वेळा तरी होत असेल. खरे सांगायचे तर भूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती. काउंटरवर असताना रोज शंभर माणसे हाक मारत. निवृत्तीनंतर सहा महिन्यांत दारावरची घंटाही दूधवाल्यापुरती उरली. अशा वेळी आपण दिसताच कोणीतरी धावत पुढे येते, हे किती गोड वाटते ते निवृत्तांनाच कळेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन निऑन तळाशी आडवे पडलेले दिसले. पाचव्या दिवशी एक एंजल पाण्याच्या वरच्या थराशी येऊन धापा टाकू लागला. पंप तर चालू होता, बुडबुडे येत होते. तरी तो गुदमरत होता, आणि संध्याकाळी गेला. मी घाबरलो. पाणी थोडे पांढुरके झाले होते. म्हटले, घाण झाली आहे, स्वच्छता केली पाहिजे. सहाव्या दिवशी उरलेले मासे बादलीत काढले आणि दिवाळीला घर काढतात तशी टाकी काढली. खडे उन्हात वाळवले, स्पंज नळाखाली पिळून पांढराशुभ्र केला, काच घासली, सगळे पाणी नवे भरले. टाकी अशी लखलखली की ही म्हणाली, "आता कसं प्रसन्न वाटतंय!" त्यानंतर आठवडाभरात आणखी सात गेले. चौदापैकी चार उरले. टिकलीही गेली.

इथपर्यंतची गोष्ट अज्ञानाची आहे. पुढची सांगायला मला लाज वाटते, पण हिशेब मांडायचा तर पूर्ण मांडावा.

संध्याकाळी नातीचा फोन आला. "आजोबा, किती?" मी म्हणालो, "चौदा." दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन दोन मॉली आणल्या. मग गप्पी, मग एंजल, मग निऑन. मेले की आणायचे, आणले की मरायचे, तरी आकडा चौदावर आणून ठेवायचा. मार्चअखेरीस ताळेबंद गोंडस दिसावा म्हणून आकड्यांची कारागिरी कशी करतात, ते मी नोकरीत पाहिले होते. निवृत्तीनंतर स्वतःच्या घरी, सात वर्षांच्या पोरीसाठी, मी तेच करत होतो.

डिसेंबरात थंडी पडली. रात्री टाकीतले पाणी गार व्हायचे. हे मासे उष्ण मुलखातले, त्यांना 24 ते 28 अंशांचे स्थिर पाणी लागते. टाकीत हीटर नव्हता. एके दिवशी नव्या माशांच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके दिसले. ही म्हणाली, "अहो, यांना देवी आल्या की काय?" तो अंगावर राहणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचा रोग होता. नवे मासे वेगळे न ठेवता थेट सोडल्यामुळे तो बहुधा त्यांच्याबरोबरच आला असावा, आणि गारठ्याने अशक्त झालेल्या माशांत पसरला.

नाताळच्या सुट्टीत नात आली. चपला काढल्या न काढल्या तोच टाकीपुढे जाऊन उभी राहिली. बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "आजोबा, ही टिकली नाही."

मी म्हणालो, "अगं, टिकली पुसली असेल पाण्यानं."

तिने माझ्याकडे पाहिले. मुलांना खोटे कळते. ती फक्त एवढेच म्हणाली, "मेली ना? मग तुम्ही रोज चौदा का सांगत होता?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही.

आमच्या शेजारची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. नातीनेच तिला बोलावून आणले. ती येताना पाणी तपासायची छोटी पेटी घेऊन आली. काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेऊन तिने औषधाचे थेंब टाकले. पिवळे राहायला हवे होते ते पाणी बघता बघता हिरवे झाले. "काका, हा अमोनिया," ती म्हणाली. मग तिने मला जे समजावले, ते कोणत्याही खातेवहीइतके सरळ होते.

मासा जे खातो त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो कल्ल्यांवाटे पाण्यात येतो. न खाल्लेले अन्न कुजले की त्यातूनही येतो. नदीत पाणी अफाट, त्यामुळे तो पातळ होतो, वाहून जातो. टाकीत तो जमा होतो आणि माशांचे कल्ले जाळतो. निसर्गात याची व्यवस्था आहे. एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. ते रक्तात गेले की रक्ताला प्राणवायू धरता येत नाही. पंप चालू असताना मासा धापा टाकतो तो अशा वेळी. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते बरेच निरुपद्रवी असते आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की निघून जाते. हे जिवाणू स्पंजमध्ये, खड्यांवर, काचेवर वस्ती करतात. नव्या टाकीत ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात.

"काका, तुम्ही पाहुणे आधी बोलावलेत आणि मोरीचं काम नंतर काढलंत," ती म्हणाली.

आणि माझी ती दिवाळीची साफसफाई? स्पंजवर जो तपकिरी चिकटा धरू लागला होता, तीच ती बसू पाहणारी वस्ती. ती मी नळाखाली धुऊन काढली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते ते जंतू मारण्यासाठीच. त्याला उपकारी जंतू आणि अपकारी जंतू असा भेद कळत नाही, शिवाय माशांच्या कल्ल्यांनाही ते सोसत नाही. आरशासारखे चकचकीत दिसणारे माझे ते पाणी माशांसाठी सर्वांत घातक होते. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला जड गेले. जे दिसायला स्वच्छ ते शुद्ध, असे मी जन्मभर धरून चाललो होतो.

ती गेल्यावर मी खाण्याचे पाकीट चष्मा लावून पहिल्यांदा वाचले. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाणे घालावे, असे त्यावर छापलेले होते. छत्तीस वर्षे मी काउंटरवरून लोकांना सांगत आलो, "फॉर्म मागूनपुढून नीट वाचा, मग सही करा."

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोष लागतो का?

माझ्यापुरते उत्तर मला बँकेच्या कामातूनच सापडले. संध्याकाळी रोकड जुळवताना शंभर रुपये कमी आले, तर ते कॅशियरने खिशातून भरायचे असतात. तो सज्जन आहे, त्याने मुद्दाम केले नाही, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी भरावे लागतात, कारण पैसे खरोखरच गेलेले असतात. हेतू शुद्ध होता म्हणून शिल्लक जुळत नाही. मात्र त्याला कोणी चोर म्हणत नाही. ही झाली चूक. नियमांचे परिपत्रक टेबलावर पडून आहे, वाचले नाही आणि त्यामुळे नुकसान झाले, तर तो निष्काळजीपणा. त्याबद्दल मेमो मिळतो. आणि नुकसान झाल्यावर ते लपवण्यासाठी खोटी नोंद केली, तर ती अफरातफर. तिथे नोकरी जाते.

माझे चौदा मासे या तीन खात्यांत मी वाटून पाहिले. पहिले दोन निऑन चुकीच्या खात्यात जातील. नव्या टाकीचे गणित मला ठाऊक नव्हते आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हते. पण एंजल धापा टाकू लागला त्या दिवसापासून मला कळले होते की आपल्याला काहीतरी कळत नाही. विचारायला शेजार होता, पाकिटावर मजकूर होता. मी विचारले नाही, वाचले नाही. मला वाटले, माझी माया पुरेशी आहे. तिथून पुढचे सगळे निष्काळजीपणात. आणि टिकलीच्या जागी दुसरी मॉली आणून सोडली ते तिसऱ्या खात्यात. त्या आकड्यासाठी किती मासे आणून मारले याची नोंदही मी ठेवली नव्हती. खोट्या हिशेबाची वही कोण ठेवतो?

हे लिहिताना मला माझे वडील आठवतात. त्यांचे हृदय अशक्त झाले होते. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी, पाणी मोजून, असे सांगितले होते. का, ते मी विचारले नाही. वडिलांना अळणी जेवण जायचे नाही. आई नसताना मी हळूच त्यांच्या ताटात लिंबाचे लोणचे वाढायचो, पापड भाजून द्यायचो. ते लहान मुलासारखे हसायचे आणि मला धन्य वाटायचे. पायांवर सूज चढली, दोनदा दवाखान्यात ठेवावे लागले आणि एका पावसाळ्यात ते गेले. लोणच्यामुळे गेले असे मला कोणी म्हटले नाही. कदाचित तसे नसेलही. पण त्या वेळी डॉक्टरांना एकच वाक्य विचारले असते, "मिठानं नेमकं काय होतं हो?", तर मी ते लोणचे वाढले नसते. विचारायला वेळ नव्हता असे नाही. त्यांचे ते हसू मला हवे होते. मासे वर यायचे तेव्हा मला जे मिळायचे, तेच. हे खाते मी कितीही वेळा उघडले तरी त्याची बेरीज मला करता येत नाही.

तेव्हा मला एवढे उमगले की, ज्याच्या जगण्याची सूत्रे आपल्या हाती आली, त्याच्याबद्दल माहिती करून घेणे हा मायेचाच भाग आहे. अंगावरच्या बाळाची आई ते आपोआप करते. आपण पुरुष मंडळी बहुधा मिठाई आणून मोकळे होतो. अवधूताच्या यादीत मासा आहे, तसे पाणीही गुरू म्हणून आले आहे. ती यादी मी पन्नास वर्षे ऐकली, आणि घरी टाकी आल्यावर मात्र नुसते मासेच पाहत राहिलो. पाणी सांभाळले असते, तर मासे आपोआप सांभाळले गेले असते.

देवळातल्या एका स्नेह्यांनी सुचवले, "कशाला हा ताप? कृष्णेत सोडून द्या, पुण्य लागेल." मोह मलाही झाला. पण शेजारच्या मुलीने थांबवले. हे आपल्या नद्यांतले जीव नाहीत. निऑन आणि एंजल मूळचे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. सोडल्यावर एकतर ते मरतील, आणि तगले तर इथल्या माशांच्या तोंडचा घास काढतील. टाकीची काच साफ करतो म्हणून 'सकर' नावाचा मासा दुकानात विकतात. तो हातभर वाढला की लोक त्याला जवळच्या पाण्यात सोडून हात जोडतात. आज तो उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, जाळी फाडतो आणि खायच्या माशांची जागा अडवतो. त्याच भीमेच्या काठी पुढे पंढरपूर आहे, गाणगापूर आहे. पुण्य म्हणून केलेली गोष्ट खालच्या अंगाला कोणाच्या पोटावर पाय देते, हे बघणेही आलेच.

मग मासे पाळावेतच का? हे प्रामाणिकपणे विचारले पाहिजे. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंडचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानतात, त्यांना कोणी पकडत नाही. काठाशी गेले की मोठमोठे मासे निर्धास्त वर येतात. मी ते पाहिले आहेत. त्यांच्याकडे पाहताना मनात आले की मासा आपला नसतानाही त्याच्यावर माया करता येते, आणि ती जास्त निर्मळ असते. माझी टाकी हा शेवटी पिंजराच. म्हणून मी ठरवले की नवे मासे विकत आणायचे नाहीत. जे आहेत त्यांचे मात्र शेवटपर्यंत नीट करायचे, कारण त्यांना परत पाठवायला जागा नाही.

आता दर रविवारी पाव भाग पाणी काढतो. त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच खळबळतो, नळाखाली धरत नाही. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादलीत भरून ठेवतो, म्हणजे क्लोरीन उडून जाते. हीटर आणि थर्मामीटर लावले आहेत. खाणे दिवसातून एकदा, सकाळच्या पूजेनंतर, दोन मिनिटांत संपेल एवढेच. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपवास मानवतो असे कळल्यापासून आमच्या घरी गुरुवारी मासेही उपवास करतात. अजूनही मी जवळ गेलो की ते वर येतात, तोंडे उघडतात. हात डबीकडे जातो. तो मागे घेणे हीच माझी रोजची साधना म्हणा. कुणा वाचकाच्या घरी नातवंडांसाठी टाकी येणार असेल, तर माझी एकच विनंती आहे. पाणी तयार झाले की नाही हे एखाद्या जाणत्याकडून तपासून घेतल्याशिवाय एकही मासा आणू नका, मग त्यात महिना जावो की दीड महिना. मुले रुसतील. रुसू द्या.

जुन्या सवयीने मी एक वही घातली आहे. तारीख, पाण्याचे तापमान, अमोनिया, किती पाणी बदलले आणि माशांची संख्या. गेल्या महिन्यात एक गप्पी गेला. त्याच संध्याकाळी पुण्याला फोन केला.

"आज अकरा," मी म्हणालो. "काल बारा होते."

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग नातीने विचारले, "कशानं गेला?"

"वही पाहिली. पाणी ठीक होतं. नाही कळलं मला."

"मग तसंच लिहून ठेवा," ती म्हणाली.

मी लिहून ठेवले.